तलावांच्या मुलखातील फाल्गुनाची हवा

भंडारा व गोंदिया ह्या दोन जिल्ह्यांत माघ सरून फाल्गुन लागला, की हवेला स्थैर्य म्हणून राहत नाही. पहाटे तलावाच्या पाळीवर धुके असते व घोंगडे पांघरावेसे वाटते. त्याच दिवशी दुपारी बांधीत उभे राहवत नाही. चार दिवस आकाश निरभ्र राहते, पाचव्या दिवशी पूर्वेकडील वारा सुटतो, रात्री उकडू लागते, आणि सहाव्या दिवशी सायंकाळी गडगडाटासह पाऊस व क्वचित गारा येतात. त्यानंतर पुन्हा उत्तरेचा कोरडा वारा आणि थंडी. होळीच्या आगेमागे हा क्रम दोन-तीनदा घडला तरी ह्या भागात त्याचे कोणास नवल वाटत नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागात झालेली गारपीट, तसेच २०१८ च्या फेब्रुवारीत विदर्भात व मराठवाड्यात झालेली गारपीट अनेक शेतकऱ्यांच्या स्मरणात असेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास ह्या दिवसांत एक प्रश्न हटकून विचारला जातो : "साहेब, पाणी येणार काय?" कार्यकर्ता हवामान विभागाचा अंदाज पाहून उत्तर देतो आणि सर्व गावाला एकच सल्ला देऊन पुढच्या गावी जातो. हा सल्ला चुकीचा नसतो. परंतु तो अपुरा असतो. कारण ह्याच महिन्यात एका शेतकऱ्याची लाखोळी बांधीत उपटून पडलेली असते, दुसऱ्याचा गहू चिकात असतो, तिसऱ्याचे उन्हाळी धान फुटव्यावर असते आणि चौथ्याचा आंबा मोहरलेला असतो. एकाच ढगातून पडणारा पाऊस ह्या चौघांना चार प्रकारे भेटतो. शिवाय ज्या गावाला तलाव आहे तेथे पाळीखालची जमीन, तलावापासून दूरची बरड जमीन आणि तलावाच्या पोटातील गाळपेराची जमीन ह्यांची हवासुद्धा निरनिराळी असते. ह्या शेवटच्या बाबीकडे आपले जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

हवा कशी पालटते

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्यांचे विक्षोभ जात असतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ह्यांपैकी बहुतेक हिमालयाच्या बाजूने निघून जातात व आपणांस केवळ थंडी कमी-अधिक झाल्याचे जाणवते. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आग्नेय दिशेने विदर्भात शिरू लागतात. वर उत्तरेकडून आलेली कोरडी व थंड हवा, खाली उपसागरावरून आलेली दमट हवा, आणि दुपारच्या उन्हाने तापलेली जमीन अशी तिन्ही कारणे एकत्र आली की हवा वेगाने वर उसळते व सायंकाळच्या सुमारास मेघगर्जनेसह पाऊस होतो. ह्या ऋतूत पाणी गोठण्याइतकी थंड हवा पावसाळ्यापेक्षा कमी उंचीवर असते. त्यामुळे उंच वाढलेल्या ढगात तयार झालेल्या गारा खाली येईपर्यंत पुऱ्या वितळत नाहीत.

हा पालट अकस्मात होतो असे आपण म्हणतो. वस्तुतः बहुधा त्याच्या आधी एक-दोन दिवस काही खुणा दिसतात. पहाटेचा उत्तरेकडील वारा मंदावून पूर्व अथवा आग्नेयेकडून वाहू लागतो. पश्चिमेकडून पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे उंच ढग पसरतात. सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे रात्रीची. फेब्रुवारीच्या मध्यास ह्या भागात पहाटेचे तापमान साधारणतः १४ ते १५ अंशांच्या आसपास असते. ते एका रात्रीत चार-पाच अंशांनी वर गेले, पांघरूण नकोसे झाले, तर हवेत बाष्प भरले आहे असे समजावे. ज्या ग्रामपंचायतीत साधा तापमापक आहे तेथे तो सावलीत टांगून रोज पहाटे वाचण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्यावर सोपवावे. महिनाभराच्या नोंदीत हा चढउतार स्पष्ट दिसू लागतो.

हवामान विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक केंद्राकडून मिळणारा जिल्हावार इशारा वाचताना एक शब्द नीट समजून घ्यावा. "तुरळक ठिकाणी" पाऊस ह्याचा अर्थ थोडा पाऊस असा नसून, जिल्ह्यातील पाव भागापर्यंतच्या ठिकाणी पाऊस असा आहे. ज्या गावावर तो पडेल तेथे तो जोराचाही असू शकतो. इशारा दिला आणि आपल्या गावी पाऊस आला नाही म्हणजे अंदाज खोटा ठरला, असे जे बोलले जाते ते ह्या कारणाने योग्य नव्हे. माल झाकण्यास अर्धा दिवस मजुरी जाते. चार वेळा झाकून तीन वेळा पाऊस आला नाही, तरी चौथ्या वेळी वाचलेला हरभरा ती सर्व मजुरी फेडतो.

तलाव पाऊस ओढतो काय?

तलावाकाठच्या गावांत अशी समजूत आढळते की मोठा तलाव ढगांना ओढून घेतो व म्हणून तेथे गारा अधिक पडतात. ह्याचा हिशोब करून पाहणे उद्‌बोधक आहे. १०० हेक्टर पसरलेल्या तलावातून दिवसाला ५ मिलिमीटर पाण्याची वाफ झाली असे धरल्यास ते पाणी ५ हजार घनमीटर होते. आता एखाद्या वादळी ढगाने १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर २० मिलिमीटर पाऊस पाडला, तर ते पाणी २० लाख घनमीटर होते. म्हणजे त्या एका सायंकाळच्या पावसासाठी ह्या तलावाला ४०० दिवस वाफ द्यावी लागेल. हे बाष्प उपसागराचे असते. तलावाच्या माथी त्याचा दोष मारण्यात अर्थ नाही.

मग तलावाचा वाटा काहीच नाही काय? आहे, परंतु तो आकाशात नसून जमिनीलगत आहे. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. रात्री उघडी जमीन लवकर थंड होते, पाणी त्यामानाने उबदार राहते व त्यावरून उठणारे बाष्प काठच्या थंड हवेत धुके व दव होऊन उतरते. त्यातच टेकड्यांवरील थंड हवा जड असल्याने रात्री उताराने घरंगळत येऊन खोलगट भागात साचते. आपले जुने तलाव बहुधा टेकड्यांच्या कुशीत, दोन उंचवट्यांमधील वाट अडवून बांधलेले आहेत. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे शास्त्र असून नवेगाव बांधचा विशाल तलाव हे त्याचे ठळक उदाहरण होय. साहजिकच पाळीखालची बांधी ही गावातील सर्वांत सखल जागा असते. तेथे पाझरामुळे माती ओली, थंड हवेचा साचा आणि पाळीची व तिच्यावरील झाडांची सकाळची सावली, असे तिन्ही योग जुळतात. बरडीवरील पिकाचे दव सूर्य वर येताच उडून जाते, तर पाळीखालच्या धानाच्या पानावर ते बराच उशीरपर्यंत टिकते.

हा फरक केवळ दीड-दोन तासांचा असला तरी रोगाच्या दृष्टीने फार मोठा आहे. बुरशीच्या बीजाला पानात शिरण्यासाठी सलग ओलावा लागतो. म्हणून कार्यकर्त्यांनी गावातील चार-पाच ठिकाणे निवडून, पानावरचे दव किती वाजता सुटते हे आठवड्यातून दोनदा पाहून नोंदवावे. ह्यास कोणतेही यंत्र लागत नाही. तळहात पानावरून फिरवला व तो कोरडा राहिला, की घड्याळ पाहावे. एका हंगामाच्या नोंदीवरून, करपा प्रथम कोठे दिसेल हे गावच्या नकाशावर बोट ठेवून सांगता येईल.

उन्हाळी धान

उन्हाळी धानाची रोवणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकलेली असावी. उशिरा रोवणी केलेले धान एप्रिलच्या कडक उन्हात फुलोऱ्यावर येते. धान सकाळी साधारण नऊ ते बाराच्या दरम्यान फुलते व त्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेल्यास लोंब्यांत पळिंजाचे प्रमाण वाढते. वसंतारंभीच्या थंडीने पऱ्हे वाढले नाहीत म्हणून रोवणी लांबली, व लांबलेल्या रोवणीमुळे फुलोरा उन्हात सापडला, असे हे दुहेरी नुकसान असते. पऱ्ह्यांच्या वाफ्यातील थंड पाणी सकाळी काढून टाकून त्या ऐवजी विहिरीचे पाणी दिल्यास लाभ होतो. कारण पहाटे विहिरीचे पाणी तलावाच्या कालव्यातील पाण्यापेक्षा उबदार असते. ही गोष्ट ज्या शेतकऱ्याने पहाटे विहिरीत बादली सोडली आहे त्याला सांगावी लागत नाही.

रोवणी झाल्यानंतर खरी भीती करप्याची. ढगाळ हवा, रात्रीचे तापमान २० अंशांच्या आसपास, आणि पान आठ-दहा तास सलग ओले, अशी स्थिती दोन-तीन दिवस राहिली की पानावर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी व कडेने तपकिरी ठिपके उमटतात. पुढे हाच रोग लोंबीच्या मानेवर आला म्हणजे मानमोडी होते व दाणा भरत नाही. येथे शेतकऱ्यांकडून एक कृती सर्रास होते, तिचा स्पष्ट निषेध करणे आवश्यक आहे. पाऊस येणार असे कळताच "पाण्यात युरिया चांगला लागतो" ह्या समजुतीने नत्राचा हप्ता टाकला जातो. असे केल्याने थोडा युरिया वाहून जातो, आणि जो पिकाला मिळतो त्याने पान कोवळे व लुसलुशीत होऊन नेमक्या रोगाच्या दिवसांत रोगास बळी पडते. आकाश निवळून उत्तरेचा कोरडा वारा सुरू होईपर्यंत नत्राचा हप्ता थांबवावा. चार-पाच दिवसांच्या विलंबाने पिकाचे काही बिघडत नाही. पाळीखालच्या बांध्यांत तर एकूण नत्र एकदम न देता लहान हप्त्यांत विभागून द्यावे आणि धुऱ्यावरील गवत काढून टाकावे, कारण करप्याची बुरशी काही गवतांवरही वाढते.

बुरशीनाशक फवारावयाचे झाल्यास कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणे व डब्यावरील सूचनेनुसार फवारावे. पान दवाने ओले असताना व धान फुललेले असताना फवारणी करू नये. दुपारनंतर, वारा पडलेला असताना फवारणे चांगले; मात्र सायंकाळी पावसाची चिन्हे असल्यास त्या दिवशी फवारा हातात घेऊ नये.

गारा पडल्यानंतर पानांच्या चिंध्या झालेले धान पाहून कित्येक शेतकरी तत्काळ नांगर घालावयास निघतात. पीक फुटव्यावर असेल तर पाच-सहा दिवस थांबावे. बुडाशी वाढीचा कोंब शाबूत असल्यास नवे पान निघते व पीक सावरते. लोंबी पोटरीत असताना मार बसला असेल तर मात्र तशी आशा फारशी नसते.

खळ्यावरील व बांधीतील माल

उतेऱ्याची लाखोळी, जवस व हरभरा ही पिके ह्याच दिवसांत निघतात. धानाच्या बांधीत ओलीवर घेतलेली ही पिके म्हणजे लहान शेतकऱ्याची त्या वर्षाची डाळ, तेल व थोडी रोकड. धान सोसायटीच्या केंद्रावर जाते, त्याचा हिशोब कर्जाशी होतो. घरात जे दिसते ते हे पीक. म्हणून त्याची हानी पैशांत लहान भासली तरी घराला मोठी असते.

लाखोळी व हरभरा उपटून बांधीत पसरून ठेवण्याची रीत निरभ्र आकाशात योग्य आहे. पूर्वेचा वारा सुटताच ती सोडावी. उपटलेला माल त्याच दिवशी उंच जागी, खाली पळसाच्या फांद्या किंवा तणसाचा थर देऊन, वर निमुळती होत जाणारी गंजी रचून ठेवावा व ताडपत्रीने झाकावा. माल आधीच भिजला असेल तर मात्र तो आवळून झाकू नये. आत वाफ धरून दाणा काळा पडतो व बुरशी येते. असा माल ऊन पडताच पातळ पसरून वरचेवर उलटावा. जवसाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या बियांवर असा पदार्थ असतो की तो पाण्याने बुळबुळीत होतो, दाणे एकमेकांस चिकटतात व त्यांची चमक जाते. तेव्हा मजूर कमी असतील आणि पुढे पाऊस दिसत असेल, तर प्रथम जवस गोळा करावा, मग हरभरा व शेवटी लाखोळी. तयार झालेला हरभरा उभा असल्यास, पावसाच्या भीतीने अर्धवट ओला उपटण्यापेक्षा एक-दोन दिवस उभा राहू देणे कित्येकदा हिताचे ठरते.

झाडीपट्टीत हे दिवस नाटकांचेही असतात. शेजारच्या गावी रात्रभर नाटक पाहणे हा आपल्या भागाचा आवडता रिवाज आहे आणि त्यास कोणी हरकत घेऊ नये. केवळ निघण्यापूर्वी खळ्यावर ताडपत्री टाकून तिच्या कडांवर दगड ठेवावेत.

गव्हाच्या बाबतीत एकच सूचना पुरे. दाणा चिकात असताना वादळी वाऱ्याचा इशारा असेल तर ओलित देऊ नये. ओल्या जमिनीत मूळ सैल पडून गहू लोळतो व लोळलेला गहू बारीक निघतो. आंब्याच्या मोहरावर ढगाळ हवेत तुडतुडे व भुरी वाढते. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी केल्यास परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात, तेव्हा ती टाळावी. मोहाची फुले वेचणाऱ्यांनी अंगणात वाळत घातलेली फुले सायंकाळी घरात घ्यावीत. एकदा भिजलेली फुले सडतात व त्यांना भाव मिळत नाही.

तलावाच्या पाण्याचा हिशोब

अवकाळी पाऊस झाला, की तलावात पाणी वाढले असे समजून उन्हाळी धानाचे क्षेत्र वाढविण्याचा मोह होतो. मार्चमध्ये तलावाच्या पृष्ठावरून दिवसाला सुमारे ६ मिलिमीटर पाण्याची वाफ होते. म्हणजे २० मिलिमीटर पाऊस केवळ तीन दिवसांची वाफ भरून काढतो. पाणलोटातील भेगाळलेली जमीन पहिला पाऊस स्वतःच पिऊन टाकते. ओढ्याने पाणी वाहून तलावात येण्याइतका पाऊस ह्या ऋतूत क्वचितच होतो. उन्हाळी धानाला हंगामात १२०० मिलिमीटर व त्याहून अधिक पाणी लागते हे ध्यानात घेता असा पाऊस बांधीची दोन दिवसांची तहान भागवितो, इतकेच.

मालगुजारीच्या काळात तलावाचे पाणी कोणत्या बांधीला केव्हा द्यावयाचे हे ठरलेले असे. १९५० च्या मध्यप्रदेशाच्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व हे तलाव शासनाकडे आले. "मामा तलाव" हे आजचे नाव माजी मालगुजारी ह्या शब्दांवरून पडले. पाणीवाटपाची जुनी शिस्त बऱ्याच गावांत त्यानंतर ढिली झाली. सबब पाणीवापर संस्था किंवा ग्रामसभेने जानेवारीतच पाळीवरील मोजपट्टी पाहून क्षेत्र ठरवावे आणि मार्चमधील पावसाने ते बदलू नये. त्या पावसाचा लाभ घ्यावयाचा तर एवढाच, की पावसानंतर दोन-तीन दिवस तलावाचे तोंड बंद ठेवावे. पाऊस पडूनही कालवा वाहत ठेवलेला दिसतो, तो निव्वळ नाश आहे.

गाळपेराची जमीन करणाऱ्यांना ह्या पावसाचा धोका पाणी वाढण्याचा नसून ओल साचण्याचा असतो. पाणी ओसरल्यावर मोकळ्या झालेल्या काळ्या गाळात निचरा नसतो. काकडी, टरबूज व भाजीपाल्याच्या ओळींमधून तलावाच्या खोल बाजूकडे जाणारी चरी पावसापूर्वीच काढून ठेवावी. पावसानंतर त्या गाळात पाय ठेवता येत नाही.

बोडीतील मासे

दोन-तीन दिवस ढग राहिले म्हणजे पाण्यातील हिरव्या शेवाळास ऊन मिळत नाही व पाण्यातील प्राणवायू घटतो. त्यातच थंड पाऊस पडल्यास वरचे थंड झालेले जड पाणी खाली जाते आणि तळाचे प्राणवायुहीन पाणी वर येते. मोठ्या तलावात ह्याचा परिणाम सहसा होत नाही. उथळ व दाट मत्स्यबीज सोडलेल्या बोडीत मात्र एका पहाटेत मासे मरू शकतात. पहाटे मासे पृष्ठावर येऊन तोंड उघडत असतील तर त्या दिवशी खाद्य देऊ नये, ताजे पाणी उंचावरून सोडावे, व ते शक्य नसल्यास पंपाने तेच पाणी उडवून पुन्हा बोडीत पाडावे. ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांनी ढगाळ दिवसांत पहाटे एक फेरी अवश्य ठेवावी.

विजेबद्दल

वसंतातील पाऊस थोडा असला तरी त्यात विजा अधिक असतात, आणि सपाट बांधीतील माणूस, पाळीवरील एकटे झाड व पाण्यावरील डोंगा ही आसपासची सर्वांत उंच वस्तू ठरते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. तीस मोजण्याच्या आत गडगडाट आला तर ढग दहा किलोमीटरांच्या आत आहे. त्या वेळी डोंगा काठाला लावावा, ताडपत्री अर्धी राहिली असली तरी सोडून द्यावी व पक्क्या घरात जावे. "दामिनी" ह्या भ्रमणध्वनीवरील सोयीने जवळपासच्या विजेची सूचना मिळते. गावातील दोन-तीन तरुणांनी ती घेऊन ठेवावी व सूचना येताच भोंग्यावरून सांगावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच पुन्हा बांधीत जावे. बैल पाळीवरील झाडाला बांधण्याची सवय ह्या दिवसांपुरती तरी सोडावी, व ते दुपारीच गोठ्यात आणावेत.